शेजारी दिलेलं विरजण

"हे विरजण घराबाहेर कुणाला देऊ नका," अन्नकेंद्रातली मुलगी म्हणाली होती. "ज्यांची रक्ततपासणी झालीय त्यांनीच खायचं."

मी हसले. "विरजण द्यायचं नाही? अहो, मग ते विरजण कसलं?"

तीही हसली. पण पुडी हातात देताना पुन्हा म्हणाली, "खरंच हं ताई. सगळे हसतात म्हणून परत सांगते."

माझ्या कडेवर शाल्मली चुळबुळत होती, पिशवी खांद्यावरून घसरत होती, बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी हो हो म्हटलं आणि निघाले.

तशी मी सूचना वाचणारी बाई आहे. गॅस बंद केला का ते बघायला दोन जिने परत चढणारी. शाल्मलीच्या तापाच्या औषधाचा कागद मी भिंग लावून वाचते. पण विरजणाला कुणी औषध समजतं का? मीठ, विरजण, कढीपत्ता, या मागायला आलेल्याला द्यायच्या वस्तू. आमच्या आईचा एकच नियम होता, दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नाही. तोही मी कधी पाळला नव्हता.

ज्यांच्या गावात हे विरजण अजून पोचलं नसेल, त्यांच्यासाठी थोडं सांगते. लागोपाठ तीन वर्षं फेब्रुवारीतच ऊन तापलं आणि गव्हाचा दाणा ओंबीतच चिमला. तेव्हा कुणीतरी जुनाच प्रश्न पुन्हा विचारला: गाय गवत खाऊन दूध देते, मग आपण पालकाची अख्खी जुडी खाऊन तासाभरात परत भुकेले कसे? खरं तर भाकरीतला पिष्टमय भाग आणि भाजीचे दांडे, दोन्ही साखरेच्याच मण्यांच्या माळा. फरक फक्त गाठींचा. भाकरीतले मणी एकाच बाजूला तोंड करून ओवलेले असतात, आपल्या पोटातल्या कात्रीने ते चटकन सुटे होतात. दांड्यातला मात्र दर दुसरा मणी उलटा ओवलेला. तिथे आपली कात्री चालत नाही, म्हणून तो चोथा जसा जातो तसाच बाहेर पडतो. ती दुसरी कात्री गाईकडेही नसते. ती तिच्या पोटातल्या जिवाणूंकडे असते. शास्त्रज्ञांनी तीच कात्री दह्याच्या जिवाणूत बसवली. ते दही रोज खाल्लं की फ्लॉवरचे दांडे, मटारची सालं, गव्हाचा कोंडा, सगळ्यातून थोडी थोडी साखर सुटी होते आणि अंगी लागते. पोळी एक कमी खाल्ली तरी दुपारी गळून जायला होत नाही. हा जिवाणू आतड्यात कायमचा मुक्कामही करत नाही. दही खाणं थांबवलं की चार-सहा दिवसांत धुऊन जातो.

योजना चांगली होती, मी आजही तसंच म्हणेन. कुणी काही सोडून द्यायचं नव्हतं, शपथा घ्यायच्या नव्हत्या. केंद्राच्या भिंतीवर लिहिलं होतं, 'झेपेल तेवढंच, पण नेमाने.' आठवड्यातून एका दिवसापासून सुरुवात करा, एखादा दिवस चुकला तर चुकला. आमच्या घरात ते हसतखेळत सुरू झालं. तन्मय, माझा नवरा, मटारच्या सालांची भाजी खाता खाता म्हणाला, "उद्यापासून मला गोठ्यात बांध, फक्त शेण गोळा करायला सांगू नकोस." महिन्याभरात आमच्या घरातला गहू निम्म्यावर आला आणि ओला कचरा जवळजवळ संपला.

फक्त शाल्मलीसाठी मी साधं दही वेगळं लावत होते. ती दीड वर्षाची, तिची तपासणी झालेली नव्हती. माझ्या फ्रिजमध्ये दोन भांडी असायची: स्टीलच्या पातेलीत आमचं, काचेच्या वाटीत तिचं. म्हणजे सूचना मला कळली नव्हती असं नाही. माझ्या मुलीपुरती ती मला अगदी नीट कळली होती.

आमच्या समोरच्या दारात ज्योत्स्ना मावशी राहायच्या. एसटीत कंडक्टर होत्या, नाशिक-पेठ, नाशिक-येवला अशा गाड्यांवर त्यांची नोकरी झाली. आवाज असा, की जिन्यात बोलल्या तर गच्चीवर वाळवण घालणारी मान वर करायची. त्यांची मुलगी प्राची पुण्यात. मी ऑफिसला गेले की शाल्मली तिच्या दहीभाताच्या डब्यासकट मावशींकडे असायची. तिला भरवताना त्या दोन चमच्यांनी वाटी वाजवायच्या आणि म्हणायच्या, "डबल बेल! घास सुटला, चला!" माझ्या हातचा घास थुंकणारी पोरगी त्यांच्याकडे ताट चाटून पुसून यायची.

मावशींना कितीतरी वर्षांचा मधुमेह होता, इन्सुलिन होतं. पथ्याला मात्र पक्क्या. जेवणाआधी वाडगाभर कोशिंबीर, पालेभाजी, कोंड्यासकटची भाकरी. दंडावर चकती चिकटवलेली. तिच्यावरून साखरेचा आकडा प्राचीच्या फोनवर जायचा आणि, मी जवळ म्हणून, माझ्याही.

एका सकाळी त्या वाटी घेऊन दारात आल्या. "केतकी, विरजण आहे का गं? मांजराने माझं भांडं पालथं केलं. मेलं दूध पीत नाही, दही पितं."

मी फ्रिज उघडला. काचेच्या वाटीत शाल्मलीपुरतंच होतं. पातेलीत भरपूर. केंद्रातल्या मुलीचा आवाज आला कानात, नाही असं नाही. पण एक चमचा तर द्यायचा. मी पातेलीतलं दिलं.

चार दिवसांनी मावशी जिन्यातूनच ओरडल्या, "काय दही लागतं गं तुझं! सुरीने कापावं!"

मला केवढं बरं वाटलं होतं.

तीनेक आठवड्यांनी प्राचीचा फोन आला. "केतकीताई, आईची साखर चढतेय. रोज. तिला विचारलं तर शपथा घेते. तुम्ही जरा बघाल का? ती काहीतरी चोरून खातेय."

"मावशी? छे गं."

"चकती खोटं बोलते का?"

मी बघायला लागले. बघणं मला जमतंच. शाल्मलीला सोडायला गेले की ओट्यावर नजर टाकायची, केराच्या डब्यात कागद बिगद आहे का पाहायचं. एकदा मावशी बाथरूममध्ये होत्या तेव्हा मी फडताळातले डबे उघडले. तिसऱ्या डब्यात राजगिऱ्याचे लाडू होते, गुळातले. मी फोटो काढला आणि प्राचीला पाठवला.

संध्याकाळी मावशी आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात तोच डबा.

"हे तुझ्या पोरीसाठी केलेत. चार वाजता तिला अर्धा देते मी. खा, आणि सांग त्यातला एक तरी कमी झालाय का."

"मावशी, प्राचीला काळजी वाटत होती म्हणून..."

"मार्गावर तपासनीस चढायचा ना, तो सुद्धा आधी म्हणायचा, बाई, बॅग दाखवा. माझ्या हाताने उघडायला लावायचा. पाठीमागून हात घालत नव्हता." त्यांनी डबा आमच्या टेबलावर ठेवला. "नोकरीत एकदा आळ आला नाही माझ्यावर. तो आता आला बघ, म्हातारपणी, शेजारून."

मी माफी मागितली. पण खरं सांगू? मला वाटलं, पकडलेलं माणूस असंच बोलतं.

डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं. मावशींनी पथ्य आणखी कडक केलं. भाकरी सोडली. नुसती कोबी, काकडी, मेथी, वर दोन चमचे कोंडा. आकडा आणखी चढला. पुन्हा इन्सुलिन वाढलं. फोन दिवसातून इतक्यांदा पिपाणीसारखा वाजायचा की शेवटी मी त्याचा आवाज बंद करून टाकला. प्राची रोज आईशी भांडायची. तिचा आवाज दोन दारं ओलांडून आमच्याकडे यायचा, "खोटं किती बोलशील गं आई?"

मग तिने मला विनंती केली. शनिवारी एक दिवस आईला तुमच्याच घरी ठेवाल का, डोळ्यांसमोर?

मावशी सकाळीच आल्या. हातात पिशवी, पिशवीत त्यांचं दह्याचं भांडं. "आले बाई. कोठडी कुठली माझी? पंख्याखालची दे."

दिवसभर त्या माझ्यासमोरून हलल्या नाहीत. दुपारी मीच कोबीची कोशिंबीर केली, मेथीची भाजी केली. भाकरी नाही, भात नाही, फळ नाही. कोशिंबिरीत त्यांनी आपलं दही कालवलं. जेवून झाल्यावर आम्ही दोघी फोन मध्ये ठेवून बसलो. आकडा चढायला लागला.

"बघ," मावशी म्हणाल्या. चढतच गेला. त्यांनी आ केला आणि शाल्मलीची खेळण्यातली बॅटरी माझ्या हातात दिली. "घे, बघ आत. दाढेखाली गुळाचा खडा दडवलाय का बघ."

शाल्मली टाळ्या वाजवून हसली. मी रिकाम्या वाडग्याकडे बघत होते. कडेला पांढरं दही लागलेलं. सुरीने कापावं असं.

पथ्य म्हणून त्या जितका चोथा खात होत्या, तितकी त्याची साखर होत होती. दुसरी कात्री त्यांच्या पोटात मी घातली होती. माझ्यासारख्या धडधाकट बाईला जी साखर बळ देते, तीच त्यांना...

"मावशी," मी म्हटलं.

"काय गं?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता. "निदान तुझा तरी विश्वास बसला ना आता?" त्यांनी विचारलं.

"बसला," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. पुढचं वाक्य जिभेवर होतं. पण तो लाडवांचा फोटो मी पाठवला होता. केंद्राला कळलं असतं तर आमचं विरजण बंद झालं असतं. आणि सगळ्यात आधी मनात आलं ते असं, की मावशी चिडल्या आणि शाल्मलीला सांभाळणार नाही म्हणाल्या तर सोमवारी मी काय करू?

त्यांना पंख्याखाली डुलकी लागली तेव्हा मी त्यांचं भांडं मोरीत रिकामं केलं, उकळत्या पाण्याने धुतलं आणि शाल्मलीच्या काचेच्या वाटीतलं विरजण लावून दही करायला ठेवलं. उठल्यावर सांगितलं, "मावशी, तुमचं दही आंबलं होतं. नवीन लावलंय. उद्या देते."

"आंबलं? बरं झालं टाकलंस," त्या म्हणाल्या.

मला सुटल्यासारखं वाटलं. कुणाला न दुखवता चूक दुरुस्त केली, असं. इन्सुलिनचा विचार आला नाही असंही नाही. ते वाढवलेलं आहे, दही सुटलं की साखर उतरणार, मग तेवढं इन्सुलिन जास्त होणार. हे मला कळत होतं. मी ठरवलं, सोमवारी प्राचीला फोन करून सगळं सांगायचं.

सोमवारी आकडा उतरायला लागला होता. प्राचीचाच निरोप आला, 'ताई, जादू केलीत! लाडू बंद झालेले दिसतात.' खाली हसरे चेहरे. कितीतरी दिवसांनी ती खूश होती. मी फोन नाही केला. एक लाल बदाम पाठवून दिला.

बुधवारी ऑफिसात बैठक होती. शाल्मलीला मावशींकडे सोडताना त्या थोड्या घामेजलेल्या वाटल्या. "उकडतंय," म्हणाल्या. बैठक संपल्यावर मी फोन पाहिला. इशाऱ्यांची रांग लागली होती. वाढल्याचा इशारा आणि घटल्याचा इशारा एकाच आवाजाचे होते, आणि तो आवाज मी बंद केलेला होता; प्राचीनेही, हे नंतर कळलं. साखर इतकी खाली गेली होती की आकड्याच्या जागी नुसती रेघ होती. मावशींना फोन लावला. वाजत राहिला.

रिक्षात मी कुणाला काय कबूल केलं, कोणत्या देवाला काय बोलले, आठवत नाही. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. दार उघडलं.

शाल्मली पाळण्यात होती. दोन्ही कठडे वर केलेले, आत तिची खेळणी, मुरमुऱ्यांची वाटी. स्वयंपाकघराला बाहेरून कडी, बाल्कनीला कडी. मावशी पाळण्याला टेकून फरशीवर बसल्या होत्या, मान कलती, अंग घामाने चिंब. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. "पुढे सरका... पुढे सरका..."

हिरडीला साखर चोळायची, हे मला माहीत होतं. मी कडी काढून स्वयंपाकघरात धावले. साखरेचा डबा धुऊन पालथा घातलेला. गुळाचा डबा पालथा. मधाची बाटली नाही. लाडवांचा तो फोटो मी पाठवल्यापासून त्या घरात गोडाचा कण ठेवला नव्हता त्यांनी. मी माझ्या घरी धावले, मूठभर साखर आणली, मांडी घालून त्यांचं डोकं धरलं आणि बोटाने गालाच्या आत चोळत राहिले. शाल्मली कठड्यातून बघत म्हणत होती, "बेल, बेल."

रुग्णवाहिकेची माणसं त्यांना उचलत होती तेव्हा मला टेबल दिसलं. टेबलावर शाल्मलीचं केळं होतं. पिकलेलं, हाताच्या अंतरावर.

मावशी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूला साखर फार वेळ मिळाली नाही. काही गोष्टी परत येतील, काही नाही. बोलताना त्या आता मध्येच थांबतात, शब्द शोधतात, नावं हरवतात. प्राची पुण्याहून आली त्या दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तिला सगळं सांगितलं. काचेची वाटी, स्टीलची पातेली, शनिवार, सोमवार. ती मला काहीतरी बोलेल याची मी वाट बघत होते.

ती भिंतीकडे बघून म्हणाली, "तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. मी हात झटकला, केतकीताई."

मावशींना मी आठवड्याने सांगितलं. त्यांनी पांघरुणाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. शब्द शोधतायत की रागावल्या आहेत, कळेना.

"केळं का नाही खाल्लंत?" मी विचारलं. "चक्कर येतेय ते कळलं असेल ना?"

"कळलं की. पण चकतीवर दिसलं असतं. परत... परत भांडण." मग म्हणाल्या, "विनातिकीट माणूस सापडला ना, आणि लगेच म्हणाला, बाई चुकलं, तर मी कधी ओरडले नाही. पुढच्या थांब्यावर उतरवायची फक्त." पुन्हा थांबल्या. "राग कुणाचा यायचा माहितीय? मला बघून जो झोपेचं सोंग घ्यायचा ना, त्याचा."

त्यांनी माझा हात हातात घेतला नाही. शाल्मलीला मात्र जवळ बसवून घेतलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती. माझी शरम माझ्यापाशी राहिली असती.

"मावशी, ते दही," मी जायला निघताना विचारलं, "त्यातलं विरजण तुम्ही कुणाला दिलंत का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, पाणी कुणाला दिलंत का. "मागायला आलं त्याला दिलं. आणि मेळाव्याला नेलं होतं."

"कुठल्या मेळाव्याला?"

दरवर्षी एसटीतून निवृत्त झालेल्या बायका एकत्र जेवतात. कुणी चटणी आणतं, कुणी सांडगे. मावशींनी या वर्षी दही नेलं होतं. सगळ्यांना आवडलं, म्हणून उरलेल्या दह्याच्या छोट्या छोट्या डब्या भरून वाटल्या. सिन्नरची एक, येवल्याच्या दोघी, मनमाडची, पेठची. "आणि ती... ती उंच. तिचं काय गं नाव? माझ्या शेजारी बसायची डेपोत." नाव आलं नाही. अजून आलेलं नाही. आणि त्या सगळ्याही मावशींसारख्याच. दार वाजलं की वाटी भरणाऱ्या.

अन्नकेंद्रात मी स्वतः गेले. तीच मुलगी होती. ती मला रागावली नाही, त्याचं जास्त लागलं. त्यांचा अंदाज होता की हे विरजण घरोघरी लावत गेलं की हळूहळू त्याचा जोर ओसरेल. येवल्याला पोचलेल्या डबीतून लावत गेलेलं दही तपासलं, तर जोर तसूभर कमी नव्हता. आता ते लोक शोध घेतायत, मीही फोन करतेय. येवल्याच्या दोघी सापडल्या. त्यांच्याकडून कुठे कुठे गेलं, ते त्यांनाही सांगता येत नाही. दह्याला कुठे तिकीट असतं?

आमच्या घरात ते विरजण अजून आहे. मी ते टाकून दिलं नाही, कारण दोष त्याचा नव्हता. फक्त पातेलीला लाल दोरा बांधलाय, आणि कुणी विरजण मागितलं की दारात उभी राहून आधी सगळं सांगते. काही बायका हसतात. मी त्यांना हसू देते, आणि दुसऱ्यांदा सांगते.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, माहेरी, कुणीतरी असेल ज्याची साखर पथ्य पाळूनही चढतेय, आणि ज्याला सगळे मिळून चोर ठरवतायत. त्यांच्याकडे आज जा. डबे उघडू नका. समोर बसा आणि विचारा, दह्याचं विरजण कुठून आणलंत? ते शेजारून, मेळाव्यातून, कुणाच्या कौतुकाच्या डबीतून आलं असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा, आणि त्यांनी इन्सुलिनचं बघितल्याशिवाय दही परस्पर बदलू नका.

आणि उठण्याआधी स्वयंपाकघरात एकदा डोकवा. साखरेचा डबा पालथा नाही ना, तेवढं बघून या.